माशाच्या तेलाची बाटली

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. तुमच्यासमोर एवढं सलग बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही. आता ओळीखाली फूटपट्टी धरून लिहितेय, तरी ओळी एकमेकींवर चढल्या असतील. तुम्ही असता तर वही भिरकावली असती.

कॉलेजची डार्करूम आठवते. खिडक्यांना काळं कापड, कोपऱ्यात मिणमिणता लाल दिवा, आणि बेडकाच्या डोळ्यातून काढलेला तो गुलाबी रंग परीक्षानळीत. तुम्ही नळी उजेडात नेता आणि बघता बघता गुलाबीचा पिवळा होतो. "हा रंग उडतो म्हणून आपल्याला दिसतं, पोरींनो. जिवंत डोळा अंधारात तो पुन्हा बनवतो, त्याला अ जीवनसत्त्व लागतं." मला सगळं पाठ होतं. पण त्या लाल दिव्यात बाकीच्यांना दहा मिनिटांत नळ्या दिसायला लागायच्या, मला अर्ध्या तासानंही नाही. एक दिवस माझा हात लागून वर्गाचा सगळा अर्क सांडला. "डोळे आहेत का बटणं?" तुम्ही कडाडलात. मी रडले, आणि दिवेलागणीनंतर मला काहीच दिसत नाही हे सांगून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही गुलमंडीतून माशाच्या तेलाची बाटली आणलीत. "रोज एक चमचा. तीन महिन्यांत दिसेल. रसायनशास्त्र फसवत नाही." आमच्या घरात मासा चालत नव्हता. आई म्हणाली, "अगं बाई, हे असलं माझ्या चुलीपाशी नाय आणायचं." मी गोठ्यात उभी राहून प्यायचे. फुलंब्रीच्या एसटीत बायका नाकाला पदर लावून सरकून बसायच्या. तीन महिने सरले, बाटल्या सरल्या, नळ्या काही दिसेनात. तुम्ही व्हरांड्यात विचारलंत, "काय, फरक?" तुमचा चेहरा इतका आशेनं भरलेला की मी म्हटलं, "व्हय सर, लई फरक पडला." नळ्यांची जागा मी बोटांनी चाचपून पाठ केली होती. पुढं तुम्ही दर वर्गाला माझी गोष्ट सांगायला लागलात.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. माझं स्थळ जमत होतं तेव्हा सासरे चौकशीला तुमच्याकडं आले. तुम्ही सरळ सांगितलंत, डोळ्यांचा त्रास होता, मीच बरा केलाय. तुमच्या शब्दावर लग्न झालं. मुलगा चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी मला सांगितलं की तेलाचा प्रश्नच नव्हता. त्या रंगातलं प्रथिनच माझ्यात जन्मापासून बिघडलेलं आहे, आणि ते पोटच्या पोरात जाऊ शकतं. औषध नाही. घरी मी काचबिंदू म्हणून सांगितलं.

मुलगा आता बिडकीनला कारखान्यात आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी मोटारसायकलसकट दुभाजकावर चढला. "रोडला लाईटच नाय, आई," म्हणतो. डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासून विचारलं, घरात कुणाला अंधारात दिसत नाही असं आहे का? त्यानं माझ्याकडं मान वळवली. मी म्हटलं, "नाय." माझी जीभ कशी झडली नाही, सर!

रविवारी त्याला बघायला मुलीकडची माणसं येणार आहेत. तो सकाळपासून बाहेरची खोली आवरतोय, मधूनच शीळ घालतोय. हे कागद त्याच्याच हातात द्यायला हवेत, पण मी देणार नाही. तुम्हाला लिहिलं ते एवढ्याचसाठी, की तुम्ही आता कुणाला सांगणार नाही.