पेढे जरा लवकरच वाटले

७ जाने. ९७, मंगळ.
मिलिंद आज गोव्याहून आला. (पुढे नुसतं मि. लिहीन, बोटं दुखतात.) आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून मला उचललीच. म्हणाला, तिथल्या क्लबने घेतलं. फुटबॉल खेळायचा पगार, एका वर्षाचा करार. माझा नातू! मी विचारलं, गोल किती मारलेस. "आजी, मी डिफेंडर. गोल मारत नाही, होऊ देत नाही." दहा वेळा सांगितलंय म्हणे. असेल.
त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या प्रकाशला, वाटतंय पोरगा बँकेच्या टीमबरोबर गेला होता. त्या बँकेकडून मि. दोन वर्षं खेळतोय. आता ते कायमची नोकरी देतायत, २७ तारखेला हजर व्हायचं. प्रकाशने दोन शर्टसुद्धा शिवायला टाकलेत. मि. म्हणाला, पप्पांना मी सांगतो, तू गप्प बस. बसते म्हटलं.

८ बुध.
नाही बसवलं. दूध आणायला गेले ती मिठाईवाल्याकडेच शिरले. पेढे घेतले आणि सगळी बिल्डिंग फिरले, गुडघे दुखले नाहीत. पहिला पेढा समोरच्या हंसाबेनला. तिने खाल्ला आणि लगेच लिंबू-मिरची आणून मि.च्या बुटांच्या पिशवीला बांधली. म्हटलं, अगं आम्ही बौद्ध, आमच्यात हे नसतं. "तुमारे में नहीं होगा माजी, देखनेवाले में तो होगा ना." ती गेल्यावर सोडली. मिरच्या आमटीत घातल्या. तिखट होत्या चांगल्या.
संध्या. प्रकाश कामावरून येतोय तर जिन्यातच हंसाबेनचा नवरा. बधाई हो, लडका गोवा जा रहा है. प्रकाश घरात आला तो चपला घालूनच उभा. मि.ला एवढंच म्हणाला, "बिल्डिंगला माहीत. बापाला नाही."
मी म्हटलं, माझ्यावर रागव, पेढे मी वाटलेत. ऐकलं नाही. जेवलाही नाही.

१४ मंगळ.
संक्रांत. हंसाबेन चिक्की देऊन गेली. बापलेक अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मांडीला मांडी लावून जेवतात आणि निरोप सूनबाईकडे. यांना विचार भात हवाय का, त्याला सांग पंखा बंद कर. सुनंदा शेवटी म्हणाली, मी काय पोस्टमन आहे?
प्रकाश माझ्याशी मात्र बोलला. "आई, एक पाय मोडला की वर्ष संपलं. मी मिलच्या गेटवर बदली म्हणून किती वर्षं काढली, तुला माहिताय." माहिताय ना. नाव पुकारलं नाही की सकाळीच डब्यासकट परत यायचा. मग तोच डबा घरी खाली मान घालून खायचा. ते पोराच्या वाट्याला नको म्हणतो. चुकीचं नाही म्हणत.
पण मि.ला कुठे तसं गेटवर उभं राहायचंय? त्याला बोलावलंय.

१९ रवि.
आज बँकेची मॅच. मी साडी नेसून तयार. प्रकाशला म्हटलं, एकटी कुठे जाऊ मुंबईला, चल. आला.
समोरच्या टीमचा एक उंच गडी सारखा मि.च्या अंगावर येत होता. मी ओरडत होते, मार रे, पुढे हो. मि. पुढे होईना. मागे मागे सरकत त्याच्यासमोर नुसता उभा. त्या गड्याने बॉल जरा लांब सोडला, तसा मि.ने पायातून काढून नेला. धक्कासुद्धा नाही.
मला आमची गावची राखण आठवली. लहानपणी भाताच्या खळ्यावर माकडं हाकलायला बसायचे. दगड हातात धरून ठेवायचा. मारून टाकला की माकडाला कळतं, हिचा हात रिकामा झाला. एकदा सगळे दगड आधीच... ते जाऊ दे.
प्रकाशने माझा हात केव्हा धरला त्याचं त्यालाही कळलं नाही. म्हणाला, "हा घाई करत नाही गं आई."
मॅच बरोबरीत सुटली. येताना वडापाव तिघांनी खाल्ला. मि.च्या वड्यावर चटणी प्रकाशनेच घातली.

२२ बुध.
प्रकाश गोव्याच्या बसचं तिकीट घेऊन आला. जायचं आणि यायचंही. आज रात्री जायचं, रविवारी रात्री तिथून निघायचं, सोमवारी सकाळी उतरून सरळ बँकेत. मि.ला समोर बसवून म्हणाला, "क्लब बघ, खोली बघ, करार नीट वाच. पटलं नाही तर परत ये. लाज वाटून तिथे राहू नको." मि. पाया पडला. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. गोव्यात मासे मिळतात म्हणे. मिळू देत.
शिवलेल्या शर्टांतला एक बॅगेत भरलाय, निघायला अजून तासभर आहे. एक इथे टांगलाय.

२३ गुरू.
मि. काल रात्री गेला. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात मी पेन ठेवते. माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, मि.ला ठाऊक आहे. आज लिहायला बसले तर पेनाखाली परतीचं तिकीट. घडी घालून.
तेवढ्यात प्रकाशने बाहेरून विचारलं, आई, त्याने ते तिकीट नीट ठेवलंय ना?
म्हटलं, अगदी नीट ठेवलंय.
समोर हंसाबेनचं दार उघडं आहे. काय चाललंय म्हणून दोनदा विचारून गेली. काही नाही म्हटलं.
सोमवारला अजून वेळ आहे. दुसरा शर्ट इस्त्री करून ठेवते.