एकशे त्र्याण्णव मुलांचा बाप

शुक्रवार, ९ जानेवारी

आज मला एकशे त्र्याण्णव मुलं झाली. सकाळी साडेदहा वाजता, टाउन हॉलच्या चार नंबरच्या खोलीत, चहा-बिस्किटांसकट.

नव्या नगरसेवकांचं प्रशिक्षण होतं. नवा नगरसेवक म्हणजे मी एकटाच — ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत एकच जागा होती. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, ज्या मुलांना त्यांच्या घरातून काढून आपण सांभाळायला घेतलं, त्यांचं कौन्सिल हेच आईबाप. मी विचारलं, 'कौन्सिल म्हणजे ऑफिस ना?' बाई म्हणाल्या, 'नाही, तुम्ही. निवडून आलेला प्रत्येक जण. मूल अठराचं झालं म्हणून सुटका नाही, पंचविशीपर्यंत लक्ष द्यायचं. आणि बैठकीत हात वर करण्याआधी स्वतःला विचारायचं — माझ्या पोटच्या पोराला हे चाललं असतं का?'

घरी येऊन बायकोला, ग्लेनिसला, सांगितलं. म्हणाली, 'एकट्या एड्रियनला वाढवताना तुझ्या तोंडाला फेस आला होता.' मग म्हणाली, 'त्यांची नावं तरी विचारलीस का?'

नव्हती विचारली.

रविवार, ११ जानेवारी

कूपर स्ट्रीटला जाऊन आलो. दुमजली साधं घर आहे. कौन्सिलच्या सांभाळातून मोठी होऊन बाहेर पडलेली पोरं रविवारी तिथे जेवायला येतात. मॉयरा नावाची बाई सगळं बघते. तिनं माझा कोट काढून घेतला आणि हातात सुरी दिली.

'हे नगरसेवक आहेत,' तिनं स्वयंपाकघरात जाहीर केलं.

टेबलाशी बसलेल्या मुलीनं वरही बघितलं नाही. 'मग बटाटे सोलता येत नसतील.'

ही ब्रायनी स्लॅक. वय एकोणीस, पहाटे बेकरीत काम. सप्टेंबरपासून कालव्याकाठच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते — म्हणजे माझ्याच वॉर्डात! मला मत दिलंस का, असं विचारणार होतो, पण तिच्याकडे बघून धीर झाला नाही. मी बटाटे सोलले. तिनं माझी सालं उचलून उजेडात धरली. 'ह्यातच एक बटाटा आहे, साहेब.'

बीफ, ग्रेव्ही, भाजलेले बटाटे, अकरा माणसं, नऊ खुर्च्या. मी पायरीवर बसून जेवलो. बऱ्याच वर्षांत एवढं जेवलो नसेन. तिच्या बुटाचा तळ सुटलाय. येताना दोन्ही बूट दुरुस्तीला मागून घेतले, तिला मॉयराच्या चपलांत घरी जावं लागलं. पस्तीस वर्षं बाजारात बूट शिवले, सुटलेला तळ बघवत नाही.

रविवार, १८ जानेवारी

बूट दिले. ब्रायनीनं उलटे करून बघितले, वाकवून बघितले, म्हणाली, 'हं.' मॉयरा म्हणते, हे फार मोठं कौतुक आहे.

आज ती कपड्यांची मोठी पिशवी घेऊन आली होती. मी विचारलं, फ्लॅटवर मशीन नाही दिलं का? मी लगेच तक्रार करायला तयार — नगरसेवक ना!

'आहे की. नवं आहे.'

'मग एवढं ओझं दोन बस बदलून कशाला आणतेस?'

'तिथे मशीन फिरत असताना मी एकटीच बघत बसते,' ती म्हणाली. 'इथे निदान मॉयरा ओरडते, खिसे बघितलेस का म्हणून.'

मला आमचा एड्रियन आठवला. एकतीस वर्षांचा घोडा, अजून शर्ट घेऊन येतो. मी नेहमी चिडवतो त्याला. ह्यापुढे नाही चिडवणार.

मंगळवार, २० जानेवारी

समितीची बैठक. विषय अकरा, कागद दोनशे बारा पानं. चाळीस मिनिटांत संपलं सगळं. आमच्या गटाचा नेता स्ट्युअर्ट हेग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'तू पटकन रुळलास, नॉर्मन.' काही जणांना वर्ष लागतं म्हणे.

जेवण गरम असतानाच घरी पोचलो. ग्लेनिसनं मटण-मटार भरलेली पेस्ट्री केली होती. छान दिवस.

गुरुवार, २२ जानेवारी

गुडघा दुखतोय. बाकी मजेत.

रविवार, २५ जानेवारी

कूपर स्ट्रीटच्या दारावर कागद चिकटवलेला. ३१ मार्चपासून हे घर बंद. पुढे सगळी मदत कौन्सिलच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. आधी फोन करून वेळ घ्यावी.

मी तावातावानं आत गेलो. म्हटलं, हा गाढवपणा कुणी केला ते उद्या शोधून काढतो, एकेकाला धरतो! मॉयरा गाजरं चिरत राहिली.

ब्रायनीनं फोनवर काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. मंगळवारच्या बैठकीचं इतिवृत्त. विषय नववा, संपर्क सेवेचं आधुनिकीकरण. सर्वानुमते मंजूर. खाली हजर असलेल्यांची नावं. चौथं नाव, एन. एन्टव्हिसल, म्हणजे मीच.

मी म्हणालो, 'मी वाचलं नव्हतं.' दुसरं काय म्हणणार? खरं तेच होतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, 'मी दहा वर्षांची असल्यापासून माझ्याबद्दलचे कागद वाचतेय. सात घरं झाली माझी. प्रत्येक वेळी कुणीतरी न वाचता सही केलेली असते आणि सामान मी बांधते.'

मग मशीनमधले ओले कपडे तसेच पिशवीत भरून निघून गेली.

घरी येऊन कागद काढले. पान चौऱ्याऐंशी, परिशिष्ट क. अक्षर मुंगीएवढं, पण घर बंद करायचं ते सगळं स्वच्छ लिहिलंय. प्रशिक्षणात सांगितलेला तो एकच प्रश्न — तो विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही, कारण मला घरी जेवायला यायचं होतं. लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, २६ जानेवारी

कौन्सिलची नियमावली वाचली. सगळी! ग्लेनिसला वाटलं मी आजारी आहे.

मार्ग आहे. निर्णय जाहीर झाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत चार नगरसेवकांनी सही करून मागणी केली, तर तो सगळ्या कौन्सिलपुढे परत आणावा लागतो. मुदत बुधवारी संध्याकाळी पाच. माझी एक सही धरली तर अजून तीन.

हेगला फोन केला. म्हणाला, 'तूच मत दिलंस आणि तूच परत मागवणार? हसतील लोक तुला.'

म्हटलं, हसू देत.

'मेमध्ये तुझी जागा पुन्हा निवडणुकीला आहे. तेव्हाही हसतील.'

हे मात्र जरा लागलं.

मंगळवार, २७ जानेवारी

दोन सह्या झाल्या. दोन्ही विरोधी बाकांवरच्या. एकीनं सही करता करता विचारलं, पान चौऱ्याऐंशीवर आहे तरी काय? तिनंही वाचलं नव्हतं.

बुधवार, २८ जानेवारी

पाचला वीस मिनिटं असताना चौथी सही. सही देणारा दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवा होता, मी तिथेच कागद नेला. तोंड बधिर, त्यामुळे वादही घालता आला नाही. मी आणि माझा गुडघा टाउन हॉलच्या पायऱ्या धावत चढलो.

रविवार, १ फेब्रुवारी

वाटलं होतं ब्रायनी येणारच नाही. आली. पिशवी घेऊन. माझ्याशी बोलली नाही, पण जेवण झाल्यावर टेबलावरच्या बशा बाजूला सारून म्हणाली, 'आणा ते कागद.'

तीन तास शिकवलं मला तिनं. 'आधी शेवटचं पान वाचायचं, साहेब. चांगली बातमी पुढे ठळक असते, वाईट परिशिष्टात.' 'जिथे सुलभ लिहिलंय तिथे पेन्सिलनं खूण करा, काहीतरी बंद होतंय.' मी खुणा केल्या. चौदा निघाल्या! मी म्हणालो, एवढं कुठे शिकलीस? म्हणाली, 'दर सहा महिन्यांनी माझ्यावर बैठक व्हायची. टेबलाभोवती आठ मोठी माणसं. कागद वाचून आलेली त्यात मी एकटीच.'

मॉयरा म्हणाली, सभेत लोकांना तीन मिनिटं बोलता येतं, ब्रायनीनं बोलावं. ब्रायनी म्हणाली, अजिबात नाही. मॉयरानं तिच्यापुढे कस्टर्डचा दुसरा वाडगा ठेवला आणि विषय बदलला. ह्या बाईकडून शिकण्यासारखं आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

हेग रस्त्यात भेटला. बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. फार बरं वाटलं.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सभा झाली. सगळं लिहून ठेवतो.

आधी मी उठलो. भाषण लिहून नेलं होतं ते खिशातच राहिलं. म्हणालो, 'मी हा कागद न वाचता हात वर केला होता. मी ह्या मुलांचा बाप आहे असं मला जानेवारीत सांगितलं होतं. अकराव्या दिवशी मी त्यांचं घर बंद केलं.' मागे कुणीतरी हसलं. एकच जण.

मग ब्रायनी. शिवलेले बूट, बेकरीचा शर्ट, केसांत थोडं पीठ. हातात कागद नाही. म्हणाली, 'तुमच्यातल्या किती जणांची मोठी मुलं रविवारी घरी येतात?'

सभागृहात बाहेरच्या माणसाला उत्तर द्यायची पद्धत नाही. तरी हात वर झाले. एक, तीन, मग निम्मं सभागृह. हेगचाही.

'त्यातली किती जण आधी फोन करून वेळ घेतात?'

सगळे हात खाली आले.

'माझ्याकडे फ्लॅट आहे,' ती म्हणाली, 'चांगला आहे. सल्लागार आहे, तीही चांगली आहे. कौन्सिलनं दिलं हे सगळं, मी नाही म्हणत नाही. पण रविवारी कुठे जायचं ते दुसऱ्या मजल्यावर मिळत नाही. मला काही नको असतं तेव्हाही मी कूपर स्ट्रीटला जाते. काही नको असताना जाता येतं त्यालाच घर म्हणतात ना?'

तीन मिनिटं मिळतात. तिनं दीडच घेतली आणि खाली बसली. मी रडलो. लिहायला लाज कसली?

मतदान झालं. घर पूर्ण वाचलं नाही, पण गेलंही नाही. निर्णय पुढे ढकलला. मेच्या निवडणुकीपर्यंत दार उघडं राहणार, नंतर नवं कौन्सिल काय ते ठरवेल.

बाहेर आलो आणि बाकावर बसून चिप्स खाल्ले, ती, मॉयरा आणि मी. ब्रायनी म्हणाली, 'म्हणजे मेमध्ये परत हेच?'

'परत हेच.'

'आणि ठरवणार कोण?'

म्हटलं, जे निवडून येतील ते. तिनं विचार करत करत माझे चिप्सही संपवले.

रविवार, ८ मार्च

ग्लेनिस आज पहिल्यांदा कूपर स्ट्रीटला आली. पाच मिनिटांत मॉयराशी ग्रेव्हीवरून वाद, दहाव्या मिनिटाला दोघी जिवाभावाच्या. परत येताना म्हणाली, 'ती पोरगी तुझ्यापेक्षा हुशार आहे.' मला माहीत होतं. माझ्यापेक्षा हुशार असणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं मी म्हटल्यावर म्हणाली, 'हेगपेक्षाही.'

बुधवार, १८ मार्च

ब्रायनी हल्ली प्रत्येक बैठकीला प्रेक्षकांत असते. बेकरीतून थेट येते, मांडीवर वही. कॉलेजात नाव घातलं असावं. मी विचारलं तर म्हणाली, 'तसंच काहीतरी.'

मी आता सगळी पानं वाचतो. शेवटून सुरुवात करतो. बैठका लांबायला लागल्यात, लोक माझ्यावर वैतागतात.

रविवार, २९ मार्च

पुन्हा उभा राहतोय. अर्ज भरला. कूपर स्ट्रीट वाचवायचं तर आत कुणीतरी असायला हवं, आणि मी सोडून कोण आहे? ग्लेनिसला म्हटलं, मागच्या वेळेसारखी प्रस्तावक म्हणून तू सही कर. म्हणाली, ह्या वेळी बाजारातल्या कुणाची घे, बायकोची सही बरी दिसत नाही.

हे तिला आत्ताच कसं सुचलं कोण जाणे. मासळीवाल्याची घेतली.

आज कूपर स्ट्रीटला जेवताना ग्लेनिस आणि ब्रायनी बागेत बोलत होत्या. मी गेलो की गप्प. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी चाललं असणार. मी काही कळलंच नाही असं दाखवलं.

शुक्रवार, १० एप्रिल

टाउन हॉलच्या दारावर उमेदवारांची यादी लागली. आमच्या वॉर्डात तीन नावं. पहिलं माझं. दुसरं, नेहमी पडतात ते गृहस्थ. तिसरं, ब्रायनी स्लॅक, अपक्ष. प्रस्तावक, ग्लेनिस एन्टव्हिसल.

मी तिथेच उभं राहून यादी तीनदा वाचली, शेवटून. इतका खूश मी एड्रियन पास झाला तेव्हाही झालो नव्हतो. मतदान गुप्त असतं, म्हणून माझं मत कुणाला ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही.