दिलेली पेज, न दिलेली पेज

मोंतफ्लोर,
संत मिकेलचा सण, १३२०

चि. पोंस यास अ. उ. आशीर्वाद.

पत्र नेहमीप्रमाणे ह्यांच्या हातचं. मी सांगतेय, हे लिहितायत. माझ्या तोंडी फार गोड शब्द दिसले तर ती ह्यांची करामत समज. मठातल्या गारठ्याने तुझा खोकला वाढला असेल, मध घेत जा.

बातमी बरी नाही. परवा आईला बिशपांच्या गावी चौकशीला नेलं. गेल्या हिवाळ्यात, स्वतःला भले लोक म्हणवणाऱ्या पंथातला तो म्हातारा उपदेशक दारात आला, तेव्हा आईने त्याला जवाची पेज दिली होती, एवढाच काय तो गुन्हा. अरे, आपल्या लहानपणी अर्धं गाव त्याला वाढायचं. खुद्द आपले पाद्रीबाबा रस्त्यात त्याला मान लववायचे. आता म्हणे तो पाखंडी, आणि त्याला जेवू घालणारीही पाखंडी. आईने सांगितलं की माणूस भुकेला होता, म्हणून वाढलं. त्याच्या शिकवणीवर विश्वास ठेवलास का, असं विचारलं, तर म्हणाली, त्याला दात नव्हते, निम्मं बोलणं कळलंच नाही. चौकशीवाल्यांना तो उद्धटपणा वाटला आणि त्यांनी तिला कोठडीत टाकलं.

मला तर काही उमगेनासं झालंय. माणसं जाळतात म्हणे अशाने. बायकांनासुद्धा. का जाळतात रे? तू पोथ्या वाचलेला. आईने काय बोलावं ते लवकर कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
एर्मेसेंद


संत लूकचा दिवस, १३२०

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आता नीट ऐक आणि शब्द न् शब्द आईच्या कानावर घाल. वाद घालू नको म्हणावं. दातांचं वगैरे काही बोलू नको. हो, विश्वास ठेवला, चुकले, पदरात घ्या, एवढंच म्हण. पहिल्या खेपेला कबूल करणाऱ्याला जाळत नाहीत, नाही म्हणत राहणाऱ्याला हटवादी ठरवतात. अंगावर दोन पिवळे क्रूस शिवायला लावतील आणि घरी सोडतील. विश्वास नव्हताच ठेवला, असं ती म्हणेल. तिला सांग, पोंसने पाय धरलेत.

का जाळतात, ते मी आमच्या वडीलधाऱ्या गुरूंना विचारलं. ते म्हणाले, सडलेलं बोट कापलं नाही तर हात जातो. आणि बायांचं विशेष भय, कारण पुरुष चौकात बोलतो ते वाऱ्यावर जातं, बाई चुलीपाशी बोलते ते पोरं जन्मभर धरून बसतात. शिवाय धर्मपीठ स्वतः कुणाला मारत नाही. ते सरदाराच्या हवाली करतं आणि दया करा अशी विनंतीही करतं. मग सरदार दया का करत नाही, असं मी विचारलं. तर दया केली की तोही पाखंडी ठरतो. मी मान डोलावली, पण ताई, मला कळलं नाही. भाओजींना नमस्कार. ह्या वेड्यावर लक्ष असू दे.

तुझा,
पोंस


मोंतफ्लोर,
संत आगाथाचा दिवस, १३२१

चि. पोंस यास अ. उ. आशीर्वाद.

तुझी मात्रा लागू पडली. आई आली घरी. पुढे एक क्रूस, मागे एक. म्हणते, पिवळा मला कधीच शोभला नाही, निदान कापड तरी चांगलं द्यायचं, पहिल्याच धुण्यात रंग गेला. पोरं मागे ओरडतात, तिला ऐकूच येत नाही असं दाखवते. तुझं कौतुक मात्र येईल त्याला सांगते. माझा पोंस शिकला म्हणून मी वाचले, हे मी शंभरदा ऐकलंय.

वरचं लिहून ठेवलं आणि पाठवायचं राहिलं. आता पुढचं ऐक. शेजारच्या रिक्सेंदाकाकू वारल्या. शेवटी आई त्यांच्या उशाशी होती. घास उतरत नव्हता, पाण्याने ठसका लागत होता, म्हणून आईने पेज बाजूला ठेवली. तर लगेच बोभाटा झाला की भले लोक मरताना अन्न सोडतात, हिनेच काकूंना त्या पंथाच्या रीतीने मरू दिलं. काल आईला पुन्हा नेलं.

पोंस, एकदा पेज दिली म्हणून पाखंडी, एकदा दिली नाही म्हणून पाखंडी. बाईने करायचं तरी काय? हे आज माझा एकही शब्द न गाळता लिहितायत. लगेच उत्तर दे.

तुझी ताई


संत वालेंतीनचा दिवस

ती. ताईस नमस्कार.

घोडेवाला थांबलाय. आईला हो म्हणू देऊ नकोस. काहीही करून तिला निरोप पोचव. पहिल्या खेपेचं हो तिच्या नावावर आहे, आता पुन्हा हो म्हणाली तर ती उलटलेली ठरेल, आणि उलटलेल्याला क्षमा नाही, पश्चात्ताप केला तरी नाही. तिने खरं तेच सांगावं. विश्वास कधीच नव्हता, पहिलं हो खोटं होतं, ते मुलाने वदवून घेतलं. मी निघालोय. तिथे उभा राहून शपथेवर सांगेन. मला कोंडतील, कोंडू देत. मला वाटलं होतं, मला त्यांचे नियम कळतात.

पोंस


मोंतफ्लोर,
राखेचा बुधवार

चि. पोंस,

तू वाटेत असशील. हे पत्र नदीवरच्या धर्मशाळेत ठेवतेय, तिथे तू थांबशीलच.

तुझा निरोप घेऊन हे त्याच दुपारी धावले. पण चौकशी सकाळीच झाली होती. आता तिला कुणालाही भेटू देत नाहीत, शुक्रवारी सरदाराच्या हवाली करणार आहेत. कोठडीत भाकरी देणाऱ्या बाईकडून आईने ह्यांना सांगावा धाडला, तो जसाच्या तसा लिहायला मी सांगितलंय.

पोंसला म्हणावं काळजी करू नको. मागच्या वेळी मी उगाच वाद घातला, म्हणून एवढे दिवस लागले. ह्या खेपेला शहाण्यासारखी वागले. त्यांनी विचारलं त्या सगळ्याला हो म्हटलं, पुरतं विचारायच्या आधीच म्हटलं. ते साहेबसुद्धा माझ्याकडे बघतच राहिले. रविवारपर्यंत सोडतील. वाल भिजत घाल.

मी घातलेत रे भिजत. लवकर ये.

ताई