काळी माशी, पांढरं आतडं

८ फेब्रुवारी १९७८, वाडी

मेल्या! चार पेट्यांच्या दारात नुसता खच. संत्र्याचा बहर ऐन भरात, आणि माझ्या मधमाश्या मातीत तडफडून राहिल्या. काल नत्थूजीने पाठीवर पंप घेऊन बगिचाभर औषध मारलं, पानांचा रस शोषणाऱ्या काळ्या माशीसाठी. मी विचारलं, फुलांवर काहून मारलं? तर म्हणतो, "ताई, आमी मधमाशीले नाई मारलं, काळ्या माशीले मारलं!" जशी काही औषधाला दोघींची ओळख करून दिली होती याने!

बगिचा त्याचा, पेट्या माझ्या. सहापैकी दोन जिवंत आहेत. त्या वाचवणार म्हणजे वाचवणार.

९ फेब्रुवारी

मेलेल्या माश्या झाडून कागदात बांधून ठेवल्या. आज लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

शेतीखात्याचे साहेब आले. पेट्यांच्या तोंडावरचे तपकिरी डाग पाहून म्हणाले, "यांना आधीचाच रोग आहे. पोटाचा... विकार." मी म्हटलं, "हगवण म्हणा की साहेब!" नत्थूजीच्या बायकोने, जिजाबाईने, तोंडाला पदर लावला. साहेबांचे कान लाल. शाळेत पोरांना पचनसंस्था शिकवते मी, मला कसली लाज? हागणाऱ्याने लाजावं की पाहणाऱ्याने!

नत्थूजी खूश. "सायबानं सांगतलं ना? तुमच्या माश्यायलेच रोग. आता पेट्या उचला."

नाही उचलत!

१२ फेब्रुवारी, रविवार

हेडबाईंना विचारून शाळेचा मायक्रोस्कोप घरी आणला. मेलेल्या माशीचं डंखाकडचं टोक चिमट्यात धरून हळू ओढलं की अख्खं आतडं बाहेर येतं. निरोगी असेल तर तांबूस, वळ्या स्पष्ट. हे पांढरं, फुगलेलं! भिंगाखाली तांदळाच्या कणीसारखे दाणेच दाणे. पोटातला परजीवी. म्हणजे साहेब खरं बोलले.

चिडले, पण कोणावर तेच कळेना.

१५ फेब्रुवारी

मायक्रोस्कोप घेऊन खापरखेड्याला गेले. माझी धाकटी बहीण चारुलता तिथल्या कॉलनीत राहते. तिच्या परसात माझी एक पेटी आहे, इथल्याच एका पेटीतल्या माश्या वेगळ्या करून दिलेली. तिथे फवारणी नाही. माशी उघडायला बशी मागितली तर चारू ओरडली, "त्या बशीत नको वं, चहा पितो आम्ही तिच्यात!"

पाच माश्या उघडल्या. पाचही जणींची आतडी पांढरी. तेच दाणे! आणि पेटी? गच्च भरलेली, माश्यांचे पाय परागाने पिवळे. हगवण थोडीशी, पण जिवंत!

म्हणजे किडा दोन्हीकडे, औषध एकीकडेच. आजाऱ्याला धक्का मारायचा आणि म्हणायचं, आजारानेच पडला! वा रे न्याय!

१६ फेब्रुवारी

नत्थूजीला बगिच्यातच गाठलं. "रोग होता, कबूल. पण माश्या मेल्या त्या तुमच्या औषधाने. आतून पोखरलेल्या पोटाला ते कसं सोसेल? फुलं गळेपर्यंत थांबा."

"अन् या माशीपायी झाडावर कोळशी चढली, पानं काळी पडली तं संत्रा तुमी देसान का? उद्या पुन्हा मारतो."

"मारा! पेट्या हलणार नाहीत. मीही हलणार नाही."

"तुमी बायामाणसं उगाच भेता," म्हणे. "मी उघड्या हातानं औषध कालवतो. मले काई झालं का?"

१७ फेब्रुवारी

शाळेला दांडी! पहाटेच दोन्ही पेट्यांच्या तोंडाला जाळी लावली, आत साखरेचं पाणी ठेवलं, वरून ओलं गोणपाट. दिवसभर पेट्यांपाशी उभी. नाकाला पदर बांधून गोणपाट भिजवत राहिले. नत्थूजी उघड्या हातांनीच औषध कालवून, पंप घेऊन दोनदा शेजारून गेला.

संध्याकाळी कान लावला. आत गुणगुण आहे. हरले नाही मी!

१८ फेब्रुवारी

सकाळीच जिजाबाई धावत आली. "ताई, चाला वं! हे रातीपासून ओकून राहिले, हगवण थांबून नाई राहिली."

रस्त्यावर ट्रक अडवला, त्यात नत्थूजीला आडवं घातलं, दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "काही नाही. जंत असतील."

मी सोबत आणलेला, फवारणीच्या औषधाचा कवटीचं चित्र असलेला डबा त्यांच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "असतील जंत! आधी हे वाचा."