मनगटावरचा दोरा

नांदेड, ३ जून
आज सकाळी गोदावरीत स्नान केलं, मनगटावरचा ओला दोरा कपाळाला, मग ओठांना लावला आणि नव्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रुजू झालो. उदगीरला बावीस वर्षं रक्त काढलं. इथंही तेच काम, पण थाट वेगळा. ताप उतरत नाही अशा रोग्याचं रक्त बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढला की मशीन वाजतं. मग ते रक्त प्लेटवर पसरून वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या. पूर्वी दोन दिवस थांबावं लागे. आता सहा तासांत कळतं. ज्या टिकलीभोवती जंतू न वाढता स्वच्छ रिंगण, ते औषध लागू. लॅबच्या मुख्य मृण्मयी मॅडम वयानं लहान. मला मामा म्हणतात.

दोरा माहूरच्या रेणुकेचा. चतुराबाईनं, माझ्या बायकोनं, जाण्याआधी स्वतः बांधला. सहा वर्षांत उतरवला नाही.

८ जून
देगलूरकडची गौरम्मा. वय साठ, अंग तव्यासारखं. शीर सापडेना. स्पिरिटनं पुसल्यावर हातमोजा काढून पुन्हा बोटानं चाचपली, उदगीरची सवय. ती म्हणाली, "किती रगत काढतूस रे तम्मा, दुकान टाकलास का?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. जाताना तिनं माझ्या दोऱ्याला हात लावून नमस्कार केला. बरं वाटलं.

९ जून
गौरम्माची बाटली वाजली. सहा तासांनी प्लेट उघडली. शेंबडासारखा थर, नासलेल्या खरवसाचा वास. एकाही टिकलीभोवती रिंगण नाही. मॅडमनी लगेच वॉर्डात फोन केला. शेवटचं म्हणून राखलेलं जहाल औषध सुरू झालं. त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पण दुसरा इलाज नाही म्हणाल्या.

११ जून
काल दुसरा, आज तिसरा रोगी. तोच थर, तोच वास. मॅडम म्हणाल्या, एकच जंतू इतक्यांच्या रक्तात कसा? रक्त काढताना बाहेरून तर बाटलीत जात नाही ना? सगळ्यांनी अंगठ्या, घड्याळं, दोरे उतरवा. मी दोरा कोपराकडे सरकवून बाही ओढली. मॅडमनी विचारलं, मामा, तुमचं काही? नाही म्हणालो.

देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.

१२ जून
दुपारी घास तोंडाशी नेला आणि तो वास आला. जवळ प्लेट नव्हती. दोरा होता. काळपट, बुळबुळीत. रोज हाच ओठांना— डबा गटारात ओतला.

गौरम्माला लघवी उतरेना. शीर चाचपताना तिच्या पुसलेल्या कातडीवर दोऱ्याचं टोक घासत होतं. आठवतं मला. बाटलीत रक्त तिचं, पण जंतू—

१३ जून, सकाळ
दोरा प्लेटवर दाबला. वर टिकल्या ठेवल्या. कोणाला सांगितलं नाही.

दुपार
तोच थर. रिंगण नाही. उदगीरला या हातानं किती जणांची शीर चाचपली—

गौरम्माचे पाय सुजले. ते औषध अजून चालूच. जंतू तिच्या अंगातला नसेल तर तिला त्याची गरजही नाही, आणि मी गप्प. चतुरा म्हणायची, दोरा आहे तोवर मी आहे.

संध्याकाळ
कात्रीनं कापला. प्लेटमध्ये घातला, झाकणावर माझं नाव लिहिलं, मॅडमच्या हाती दिला. सगळं सांगितलं. त्या ते औषध थांबवायला वॉर्डाकडे धावल्या.

मनगट साबणानं चोळतो आहे. पाचव्यांदा. कातडी सोलली तरी वास—