पाठ केलेलं दुखणं

प्रिय ताई,

तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून मग मुद्द्यावर येणार होते, पण डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सरळ विचारते. लहानपणापासून तू मला नाटकी म्हणत आलीस, त्याचा नेमका अर्थ काय गं? आई म्हणायची तेव्हा तो खोटारडी असा असायचा. तू मात्र म्हणायचीस, ही खोटं बोलत नाही, खरचटलं तरी हात तुटल्यासारखी रडते एवढंच. तेव्हा मला दोघींचाही सारखाच राग यायचा.

माझ्या नव्या कामावर तू पोट धरून हसली होतीस. वैद्यकीय कॉलेजात परीक्षा असली की मी खोटी पेशंट होते. शिकाऊ डॉक्टर तपासायला येतात आणि मी नेमून दिलेलं दुखणं करून दाखवते. छातीत दुखणं माझ्याइतकं कुणाला जमत नाही म्हणे. हात कधी चोळायचा, बोलताना दम कुठे लागायचा, सगळं तोंडपाठ आहे.

गेल्या आठवड्यात जिना चढताना खरोखर दुखलं. म्हणजे, दुखलं असं वाटलं. दवाखान्यात गेले तर समोर माझ्यावरच परीक्षा देऊन पास झालेला डॉक्टर. मी तोंड उघडलं आणि तीच पाठ केलेली वाक्यं बाहेर पडली, हातही आपोआप चोळला गेला. तो हसून म्हणाला, मावशी, आज परीक्षा नाही. मीही ओशाळून हसले. तरी त्याने मंगळवारी मोठ्या तपासणीला बोलावलंय. घरी आल्यावर आरशासमोर पुन्हा तेच दुखणं करून पाहिलं, आणि खरं कुठलं नि शिकवलेलं कुठलं, माझं मलाच कळेना. सकाळी वाटतं, नक्की दुखतंय. दुपारी वाटतं, उगाच सोंग करतेय, कशाला लोकांचा वेळ खायचा. तपासणीला जावंसंच वाटत नाही.

माझं रडणं ओळखणारी घरात तू एकटीच होतीस. मी सूर लावला की तू नुसती तोंडाकडे बघायचीस, आणि एकतर आपल्या कामाला लागायचीस, नाहीतर मुकाट्याने पाणी आणायला उठायचीस. कधी चुकली नाहीस. म्हणून हे पत्र. सोमवारी ये आणि माझ्याकडे एकदा नीट बघ. नाटकी म्हणालीस तर मी सुखाने झोपेन. पण काही न बोलता उठलीस, तर मंगळवारी मला एकटीला पाठवू नकोस. मला फार भीती वाटते आहे, ताई, आणि ती कशी दाखवायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तुझीच,
धाकटी