शिकाऱ्याची हनुवटी

हॉलिवूड, ऑक्टोबर १९४१

प्रिय बाबा,

ज्या कार्टूनवरून तुमचं नाव काढलं ते बघायला घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. बरोबरच आहे. खार तुमची, तिनं शिकाऱ्याच्या बंदुकीत मक्याचे दाणे भरायची युक्ती तुमची, आणि पडद्यावर 'कथा : रॉस्को क्रॅडक'. संपात स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभं राहिल्याची ही शिक्षा. तुमचं टेबल रिकामं केलं त्या दिवशी क्रॅडकसाहेब चित्रं शाईनं गिरवायच्या आमच्या खात्यात आले आणि सगळ्या मुलींसमोर मला म्हणाले, "पोरी, बापासारखी जीभ चालवू नकोस. हात चालव." मी मान खाली घालून हातच चालवला.

मी किती भित्री आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. दार लावलं की नाही ते बघायला पुन्हा जिना चढणारी. शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर गिरवायला शिकवलंत. तेव्हापासून दुसऱ्याच्या रेघेवरून माझी रेघ केसभरही ढळली नव्हती. म्हणूनच आमच्या मुख्य बाईंनी, मिस ओपलनी, शिकाऱ्याचं नमुनाचित्र स्वच्छ उतरवायला माझ्याकडे दिलं. तुमच्या हातचं, कॉफी सांडलेलं.

रेघ ढळली, बाबा. शिकाऱ्याच्या हनुवटीला खळगा पडला. डावा कान बाहेर आला. आणि चाप ओढण्याआधी तो अंगठा चाटायला लागला, साहेब कागद उलटताना चाटतात तसा.

साहेबांनी चित्राकडे न बघताच मंजुरीची सही ठोकली. प्रती प्रत्येक टेबलावर चिकटल्या. नमुन्याबाहेर कोणी काढायचं नाही, हा तर साहेबांचाच नियम! सगळ्यांनी इमानेइतबारे पाळला. चित्रं काढणाऱ्यांतला ड्वेन तेवढा पुटपुटला, "हा शिकारी कुठेतरी बघितलाय बुवा." "गप बस आणि काढ," मिस ओपल म्हणाल्या. मला मात्र घास गिळवत नव्हता.

काल प्रेक्षकांपुढे पहिला खेळ झाला. साहेब सहकुटुंब पुढे बसलेले. शिकाऱ्यानं अंगठा चाटला, चाप ओढला, आणि त्याच्याच तोंडावर लाह्या! सगळ्यात मोठ्यानं साहेब हसले. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं किंकाळी फोडली, "अरे रॉस्को, हा तर तूच की!" अख्खं थिएटर त्यांच्याकडे वळलं. साहेबांचा अंगठा ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

आज सकाळी ते खात्यात आले. "कोणी केलं हे?"

"काय केलं, साहेब?" मिस ओपलनी विचारलं.

"तो शिकारी..." साहेबांचा हात स्वतःच्या हनुवटीच्या खळग्याकडे गेला. मिस ओपलनी त्यांचीच सही असलेलं नमुनाचित्र पुढे धरलं. ते आले तसे निघून गेले. दुपारी मी पोटभर जेवले. वर ड्वेनच्या डब्यातला ॲपल पायही खाल्ला.

कार्टून शनिवारी तुमच्या गावात लागतंय, म्हणून घाईनं लिहितेय. जा, बाबा. मागच्या रांगेत बसा, हवं तर टोपी डोळ्यांवर ओढा. शिकाऱ्याला मी सोडलेलं नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पण खारीची एकही रेघ मी ढळू दिली नाही. तुमच्या हातून उतरली तशीच ती उडी मारते.

तुमच्याच टेबलावर शिकलेली,
तुमचीच
आर्डेल